बाईंचं चुकलं

“तू कोण?” बाईंनी विचारलं.

“मी... जंगली.”

अख्खा बालवर्ग खो खो हसला. नवी मुलगीही हसली. महिनाभरात पहिल्यांदाच ती तोंड उघडून काही बोलली होती.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. वर्गात पाच भाषांची मुलं. गेली सव्वीस वर्षं बाई अशा मुलांना एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या: आपलं बोलणं कोणाला लागलं, तर नुसतं सॉरी म्हणून सुटका नाही, काय लागलं, ते विचारायचं.

हा शब्द कुठून आला, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात नवी एका मुलाच्या दंडाला कडकडून चावली, तेव्हा बाई वैतागून मुख्याध्यापिकेला म्हणाल्या होत्या, “जंगली आहे हो ही पोरगी!” नवी तिथेच उभी होती. हिला कुठे काय कळतंय, म्हणून बाई तो शब्द विसरूनही गेल्या. पण आपल्याकडे बोट दाखवून म्हटलेला शब्द आपल्यासाठीच आहे, एवढं नवीला बरोबर कळलं होतं.

“हसू नका,” बाई म्हणाल्या. “तिला तसं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं.”

मग पहिल्या रांगेतली एक चोंबडी म्हणाली, “मग विचारा ना बाई तिला, काय लागलं.”

विचारणार कसं? नवीची भाषा शाळेत कोणालाच येत नव्हती.

शाळा सुटल्यावर नवीची आई लॉण्ड्रीतलं काम उरकून तिला न्यायला आली. बाई नुसत्या “आज वर्गात...” म्हणाल्या, तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. “सॉरी बाई, सॉरी,” करत तिनं लेकीची मान धरून खाली वाकवली.

“अहो, तिची नाही, माझी चूक!” बाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “माझी. तुमच्याकडे सॉरीला काय म्हणतात?”

तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे आईच्या ध्यानात आलं. लेकीच्या मानेवरचा हात तिनं काढून घेतला आणि अडखळत एक शब्द सांगितला.

दुखरे गुडघे सांभाळत बाई नवीसमोर खाली बसल्या आणि तो शब्द म्हणाल्या. नवीनं नकारार्थी मान हलवली. तिनं स्वतः म्हणून दाखवला. बाई पुन्हा म्हणाल्या, पुन्हा चुकलं. आईला हसू आवरेना. नवी मात्र हसली नाही. बाईंच्या ओठांकडे निरखून बघत तिनं तो शब्द सावकाश, तोडून तोडून सांगितला, आणि त्या म्हणेपर्यंत थांबून राहिली.