दुपारनंतरचा घास

लाझारो विटांच्या कामाला उत्तरेकडे गेला आणि महिन्याच्या आतच त्याच्या पोराला पहिला दात आला, त्या वर्षीची ही गोष्ट. बापाला तो दात बघायला मिळाला नाही. आईलाही आधी दिसला नाही. तो सापडला आजीला, ओब्दुलियाला, कारण पोरानं तिच्याच बोटाला कडकडून चावा घेतला.

बोट तोंडात होतं, कारण बोटाला घेवड्याचं पाणी लावलेलं होतं. ओब्दुलिया जे काही खाई, त्यात आधी बोट बुडवी आणि मांडीवरच्या फेर्मिनला चाटवी. तेहुआकानच्या खोऱ्यातल्या सगळ्याच बायका असं करतात. लेकरासमोर आपण खायचं आणि त्याला चव द्यायची नाही, तर ती इच्छा त्याच्या पोटात अडकून बसते. लेकरू किरकिरं होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, ताप येतो.

ओब्दुलियाला हे कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. तिची दुसरी मुलगी एलोदिया दोन वर्षांची असताना गुळात शिजलेल्या भोपळ्याच्या पातेल्याकडे हात करून उभी राहिली होती. भोपळा जत्रेत विकायचा होता. ओब्दुलियानं तो हात बाजूला सारला. "ते आपलं नाही गं," म्हणाली. त्याच आठवड्यात पोरगी तापली आणि गेली. डॉक्टर म्हणाला, पाणी वाईट होतं. पाद्री म्हणाला, देवाची मर्जी. ओब्दुलिया कुणाशी वाद घालत बसली नाही. तिला तो पुढे आलेला हात दिसत राहिला. पुढे तिनं कुठल्याच लेकराला कधी नाही म्हटलं नाही.

लाझारोची बायको इराईस मात्र दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या बैठकींना जाऊन आली होती. एका वेळी एकच भाजी, उकडून, कुस्करून, मीठ न घालता, स्वच्छ चमच्यानं. इराईसनं ते सगळं मनावर घेतलं. नवरा गेल्यावर ती शहरात जीन्स शिवायच्या कारखान्यात लागली. उजाडायच्या आधी गाडी येई आणि दिवेलागणीला परत आणून सोडी. कामाला लागली तसं तिचं दूधही आटलं. म्हणून असेल, पण त्या भाज्यांवर तिचा फार जीव होता. पहाटे उठून ती गाजर उकडी, हिरव्या काठाच्या वाटीत काढी आणि वर बशी झाकून जाई.

"दोन्या ओब्दुलिया, अकरा वाजता द्याल ना?" सासूला ती मानानं दोन्या म्हणे.

"देते गं पोरी. मी काय चार पोरं वाऱ्यावर वाढवली का?"

पहिल्या दिवशी ओब्दुलियानं खरंच दिलं. फेर्मिननं दोन चमचे घेतले, तिसरा तिच्या झग्यावर फुंकला. गाजर अळणी, त्यात थंड. ओब्दुलियानं स्वतः चाखून पाहिलं आणि नाक मुरडलं. उरलेलं कोंबड्यांना गेलं. मग ती चुलीपाशी बसली, तव्यावरची मक्याची मऊ तोर्तिया घेवड्याच्या पाण्यात भिजवली आणि एक घास आपण, एक घास तो, असं दोघं जेवली. पोरगं प्रत्येक घासाला हात नाचवत होतं.

संध्याकाळी इराईसनं दारातूनच विचारलं, "खाल्लं का गाजर?"

"चाटून पुसून," ओब्दुलिया म्हणाली.

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. गाडीतून उतरलेल्या त्या पोरीचा चेहरा बघितला आणि तोंडातून तेच निघालं. पण एकदा निघालं ते रोजचंच झालं. सकाळी मक्याच्या पिठाची पेज, दुपारी घेवडा आणि तोर्तिया, चार वाजता पिकलेलं केळं, आणि गाडी यायच्या आधी, "माझ्या राजा, एवढं एकच," म्हणत अंड्याचा पिवळा बलक. फेर्मिनचे गाल वर आले. शेजारपाजारच्या बायका कौतुक करायच्या आणि ओब्दुलियाला बरं वाटायचं. या वयात कुणाला तरी आपण इतकं हवं आहोत, ही भावना तिला अंगावरच्या शालीसारखी ऊब देई.

संध्याकाळी मात्र घरात वेगळंच चाले. इराईस हातपाय धुऊन भोपळा कुस्करी आणि पोराला समोर बसवी. हा तिचा दिवसातला एकच घास होता त्याच्याबरोबरचा. फेर्मिन चमचा बघून तोंड मिटून घेई. ती गाणं म्हणे, चमच्याचा पक्षी करी, स्वतः तोंड उघडून दाखवी. तो मान फिरवून आजीकडे झेप घेई. एकदा तिनं हट्टानं घेवड्याचं पाणी दिलं, सासू देते तसंच, बोटानं. तेही त्यानं थुंकून टाकलं. मग इराईस त्याला झोपवी आणि चुलीकडे तोंड करून एकटी जेवे.

एका संध्याकाळी ओब्दुलियानं पाहिलं, तर सून धुण्याच्या दगडाशी बसून वजरीनं बोटं घासत होती. जीन्सच्या कापडाचा निळा रंग तिच्या बोटांच्या टोकांत मुरलेला होता. लिंबाची फोड बाजूला पडली होती.

"अगं, कातडं निघेल!"

"दोन्या, खरं सांगा, माझ्या हाताला वास येतो का?"

"कसला वास?"

"रंगाचा. मला आता येत नाही, सवय झाली. पण त्याला येत असणार. तुमच्या हातचं खातो तो. मी तेच दिलं तरी थुंकतो. मग हातच वाईट ना?"

ओब्दुलियाच्या तोंडाशी आलं, अगं, पोट फुटेस्तोवर खाल्लंय त्यानं. पण ते शब्द काही बाहेर पडले नाहीत. "राख लावून बघ," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन चुलीत उगाच लाकडं सारत बसली. राखेनं निळं जात नाही हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चेंचा आली. नाव क्रेसेन्सिया, पण गावभर चेंचाच. लाझारोची ती बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. तिनं फेर्मिनच्या पोटावर टिचकी मारली.

"काय गं कोमाद्रे, नातू वाढवतेस की लग्नासाठी टर्की पोसतेस?"

"दृष्ट लावू नकोस."

"आणि त्याची आई सांगत होती, पोराला भूकच नाही म्हणून. गाडीत रडत होती म्हणे, माझ्या भाचीजवळ." चेंचानं डोळे बारीक केले. "तिला माहीत आहे का, सहा वाजेपर्यंत तू याला किती कोंबतेस ते?"

ओब्दुलिया पोराचं अंगडं सारखं करू लागली.

"कोमाद्रे!"

"भुकेलं लेकरू समोर बसवून मी गाडीची वाट बघत बसू? तुला माहीत आहे माझं."

"माहीत आहे. एलोदियाचं मला माहीत आहे, म्हणून तर तुला कुणी काही बोलत नाही." चेंचाचा आवाज खाली आला. "पण हे पोर एलोदिया नाही. आणि ती पोरगी तुझी सवत नाही."

ओब्दुलियानं तिला त्या दिवशी कॉफीसुद्धा विचारली नाही.

शनिवारी इराईस लवकर आली. तिनं भाजी उकडली नाही. फेर्मिन आजीच्या मांडीवर होता. इराईस उंबऱ्यावर बसली आणि बाहेर बघत म्हणाली, "कारखान्यातल्या तिघींनी शहरात खोली घेतली आहे. चौथी हवी आहे त्यांना."

"कशाला?"

"मी जाते म्हणते. रविवारी येत जाईन. इथे येऊन तरी काय करते मी? तो तुमच्याजवळ खातो, तुमच्याजवळ खेळतो. मी आले की रडतो. एवढा रस्ता तुडवत यायचं आणि त्याला रडवायचं. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळता, दोन्या."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ओब्दुलियाला उत्तर देता आलं असतं. पोरगी मनापासून बोलत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, ते ऐकताना ओब्दुलियाच्या काळजात क्षणभर आनंदाची लहर उठून गेली. पोर आता पुरतं माझं. ती लहर तिची तिलाच कळली आणि तिला आपल्याच अंगाची किळस आली. तिनं फेर्मिनला खाली ठेवलं. तो तिच्या झग्याला धरून पुन्हा चढू लागला.

"सोमवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी ये, मग काय ते ठरव."

सोमवारी दुपारचं जेवण झाल्यावर ओब्दुलियानं घेवड्याचं मडकं झाकलं आणि उंच फळीवर ठेवलं. चूल विझवली. पोराला पाणी तेवढं दिलं.

चार वाजता फेर्मिननं फळीकडे हात केला. रोजची वेळ त्याला कळत होती. ओब्दुलियानं त्याला कडेवर घेतलं, टर्की दाखवली, पेरूच्या झाडावरचे मुंगळे दाखवले. त्यानं हात पुन्हा घराकडे केला. तोच हात. लहान, बोटं पसरलेली.

तेवढ्यात चेंचा भाजलेलं कणीस खात फाटकातून आत येऊ लागली.

"थांब तिथंच! तोंडातलं गीळ आधी!"

"अगं पण..."

"कणीस मागे लपव! त्याच्यासमोर खाशील तर याद राख, त्याला द्यावं लागेल, आणि द्यायचं नाहीये!"

चेंचानं कणीस शालीआड धरलं, घास गिळला आणि एका नजरेत सगळं समजून घेतलं. "तू खाल्लंस का काही?"

"त्याला न देता मी कशी खाऊ?"

"बरं," चेंचा म्हणाली आणि आल्या पावली परत गेली. जाताना मात्र कुंपणापलीकडून ओरडली, "मी घरी जाऊन दार लावून खाते गं, काळजी करू नकोस!"

सहा वाजले. गाडी आली नाही. फेर्मिन आता गळा काढून रडत होता. ओब्दुलिया दर घटकेला त्याच्या कपाळाला हात लावी. रडून रडून ते गरम झालं होतं. तिनं फळीवरून मडकं काढलं. झाकण उघडलं. बोट बुडवलं. बोटावरून थेंब खाली पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग बोट आपल्याच झग्याला पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "एलोदिया, मला माफ कर गं." पोर दचकून क्षणभर रडायचं थांबलं.

गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. इराईस धावतच आत आली. "काय झालं? पडला का?"

"भूक लागली आहे त्याला. चूल पेटव. घेवडा गरम कर, तव्यावर तोर्तिया टाक. तुझ्यासाठी. मांडी घालून बस आणि जेव."

"आधी त्याला..."

"त्याला काही भरवू नकोस. चमचा नको, पक्षी नको. मांडीवर घे आणि तू जेव."

इराईसला काही कळलं नाही, पण सासूचा आवाज असा होता की ती बसली. तिनं पहिला घास घेतला. फेर्मिन हुंदके देत तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दुसऱ्या घासाला त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं सासूकडे पाहिलं.

"माझी बोटं निळी आहेत, दोन्या."

"असू देत."

तिनं तोर्तियाचा तुकडा भिजवला आणि बोटानं त्याच्या ओठाशी नेला. त्यानं तो घेतला, बोटासकट. मग आणखी. मग त्यानं सरळ तिच्या ताटात हात घातला आणि घेवडा मुठीत धरून आपल्या तोंडात आणि तिच्या हनुवटीवर चोळला. इराईस हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

ओब्दुलिया भिंतीला टेकून उभी होती. आता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. सून सुखी होती, पोर जेवत होतं. पण तिच्यानं राहवलं नाही.

"त्याचं पोट भरलेलं असायचं," ती म्हणाली. "रोज. तू यायच्या आधी मी भरवायचे. गाजर कोंबड्या खायच्या. तुझ्या हातात काही वाईट नव्हतं, कधीच नव्हतं."

इराईसचं बोट पोराच्या तोंडात तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "घेवड्याची सालं मला लंगोटात दिसायची. रात्रीचे लंगोट मीच धुते ना. तुम्ही त्याला घेवडा देता हे माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय तोंडानं बोलू? लेकरू टाकून जाणारी मी. वाटायचं, कुणाच्या का होईना, हातचं खातोय." मग तिनं मान वर केली. "पण सहा वाजेपर्यंत, हे नव्हतं माहीत. मी हात घासत होते तेव्हा तुम्ही बघत होतात."

"हो."

"राख लाव म्हणालात."

"हो."

इराईसनं ताट उचललं आणि पोराला घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओब्दुलियानं पेज पुढे केली, इराईस ती न घेताच गाडीत बसली. फळीवर हिरव्या काठाची वाटी नव्हती. खोलीचं तिनं काही सांगितलं नव्हतं, म्हणून ओब्दुलिया दिवसभर फाटकाकडे बघत होती आणि दुपारनंतर तिनं पोराला पाण्याशिवाय काही दिलं नाही.

दिवेलागणीला गाडी आली. इराईसच्या हातात भोपळा होता.

"दुपारपर्यंत तुमचा," ती चूल फुंकत म्हणाली. "नंतर माझा. मीठ थोडं चालेल म्हणाली नर्सबाई." आणि मागे न वळता, "तुमचंही ताट घ्या. त्याच्यासमोर उपाशी बसू नका, त्याचं पोट दुखेल."

ओब्दुलियानं ताट घेतलं. त्यानंतर ती तिघं रोज एकत्र जेवत. पण इराईस वजरी घेऊन पाय घासायला बसली, की सासू उठून अंगणात जाई. सून तिला कधी थांब म्हणाली नाही. इराईसची बोटं निळीच राहिली.

फेर्मिनचा पहिला दुधाचा दात पडला त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी, ओब्दुलिया वारली.