बायडाबाईचा अंगठा

"तिला काय सांगत बसायचंय? अंगठा लावंल आन् घरी यील," सर्जेराव गाडीचं दार धरून ओरडला.

"मग तुमीच सांगा की तिच्या हातात. बहीण तुमची हाय," शालू म्हणाली.

नवऱ्यानं दार आपटलं. गडी इथंच उणा! बायडाबाई जन्मापासून आंधळी नि बहिरी. पन्नास वर्षं एका घरात काढून सर्जेरावाला तिच्या बोलीतलं एवढंच येई, की पाठीवर थाप म्हणजे चल. बाकीची बोली शालूकडं. तळहातावर वाकडी बोटं ओढली की खुरपणी, म्हणजे रान. तळहात पुसला की संपलं.

हिंजवडीत कंपन्यांच्या काचांमध्ये बायडाबाईच्या वाट्याचे वीस गुंठे तेवढे काळे उरलेत. तण कुठलं, मेथी कुठली, ती बोटांनी ओळखते. त्या दिवशीही रानातून हलेना. मग सर्जेरावानं तिच्या हातात रेशनची पिशवी दिली. लगेच उठली! सर्जेराव स्वतःच्या हुशारीवर खूश.

जमिनीच्या नोंदणीच्या कचेरीत नंबर येईतो तो चारदा उठला, चारदा बसला.

"जमीन विकतोय, हे यांना कळलंय ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय तर! घरी समदं सांगितलंय."

शालूनं तोंड उघडलं. नवऱ्यानं डोळे वटारले. बायडाबाईनं हसत यंत्रावर अंगठा टेकला. मग पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि उभी राहिली.

"हे काय?"

"सायेब, रेशनच्या दुकानात बी असंच यंत्र हाय. अंगठा दिला की गहू," शालू म्हणाली. "तिला वाटलं, गव्हालाच आणलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आता खरं सांगा. माझ्यासमोर."

शालूनं नणंदेच्या तळहातावर बोटं ओढली, मग तळहात पुसला. बायडाबाईनं हात परत पुढं केला. शालूनं परत तेच सांगितलं. तशी बायडाबाईनं अंगठा मुठीत घेतला नि मूठ पोटाशी आवळली. सर्जेरावानं पाठीवर थापांवर थापा मारल्या. ती हलेना.

"घरी न्या त्यांना," साहेब म्हणाले. "ही विक्री होणार नाही."

पुढच्या महिन्यात शालू नि सर्जेराव तिला रेशनला घेऊन गेले, तर दुकानातही मूठ उघडेना. मागं रांग कुरकुरू लागली. शेवटी दुकानदार दादामियाँनी तिच्या दुसऱ्या हातावर चार दाणे ठेवले. तिनं एक चावून बघितला, मगच अंगठा सोडला.

"अब ऐसाच करायचं, सर्जेराव," दादामियाँ म्हणाले. "पैले दाणा, बाद में अंगठा. बहीण व्यवहाराला पक्की झाली तुमची."

सर्जेरावानं पोतं खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवर चलायची थाप मारली. बायडाबाई जागची हलली नाही. हवेत हात फिरवत तिनं शालूचं मनगट शोधलं, बांगड्या चाचपल्या, आणि मगच पाऊल उचललं.