सुतक फिटल्यावर

"सरक गो जरा! तुझां कोपर माझ्या आमटीत बुडता," सरस्वती करवादली.

"टेबल मोठां करूक सांग मालकाक," शांता म्हणाली, पण सरकली नाही.

डिचोलीजवळच्या त्या कारखान्यात काजू सोलणाऱ्या बायका जेवायला अशाच बसत, चौघींच्या टेबलाला सहाजणी. खिडकीकडचं टेबल मात्र अख्खं रिकामं. तिथे विनोदिनी एकटी जेवायची.

गणपतीच्या आधी तिचा मुलगा, सिद्धेश, गेला. 'गेला' एवढंच सगळ्या म्हणत, जसा काही मडगावला गेला. रजा उरली नव्हती, म्हणून सुतक फिटायच्या आधीच विनोदिनीला कामावर यावं लागलं. तेव्हा ती आपणहून वेगळी बसली, रीतच ती. मग सुतक फिटलं. पण तिला परत टेबलावर बोलवायचं कुणी, हे काही रीतीत सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, दुसरी बोलवील. आता शिमगा तोंडावर आला होता.

कामावर ती जवळ आली की बोलणं एकदम मासळीच्या भावावर जायचं. घरी चार भिंती, इथे सहा पाठी. मागच्या आठवड्यात कंपनीने पणजीहून एक मॅडम आणली, कामगारांचं मन प्रसन्न ठेवायला. टाळ्या वाजवा, मोठ्याने हसा, म्हणाली. सगळ्या हसल्या नि थांबल्या. विनोदिनी थांबेचना. हसता हसता तिचा आवाज फाटला, तेव्हा मॅडमने घड्याळ बघितलं आणि बाकीच्या हात धुवायला गेल्या.

आज मात्र ती स्वतःच टेबलाशी आली. मोठा डबा उघडून मधोमध ठेवला. तिसऱ्यांचं सुकं, सोबत पावासारखे उंडे. पूर्वी या डब्यासाठी भांडणं व्हायची.

"खावा," ती म्हणाली. "आज माझो शेवटचो दिस."

"कित्याक गो? दुसरीकडे काम मेळलां?" सरस्वतीने विचारलं.

"नाय."

"मगे घरात बसान काय करतलंस?"

"घरात कोण नाय, म्हणान कोण बोलणा नाय. ता समाजता माका. हय इतकी माणसां आसत..."

सरस्वती डब्याकडे बघून म्हणाली, "तिसऱ्यो बऱ्यो मेळतत हल्ली." कुणी हात पुढे केला नाही.

"सुतक कधीच फिटलां गो." विनोदिनीने डबा पुढे सरकवला. "एक तरी तोंडात घाला. मी हात जोडतंय."

शांताचा हात उंड्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिचा मुलगा विशाल सिद्धेशच्याच वर्गातला. हल्ली तो खोलीबाहेर येत नव्हता. ताट दाराशी ठेवावं लागायचं, हे तिने इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुझ्या सिद्धेशान जीव दिलो," शांता म्हणाली. "आणि माझो विशाल दार लावन बसता. तुझ्या हातचां खाल्लां तर ता मराण माझ्या घरात येतलां, म्हणान भियालंय गो मी."