देवदूताची शाई

सिनेगॉगच्या, ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात अख्खं झाबोलोत गाव लोटलं होतं. गावात घटसर्प शिरून पंधरवडा झाला होता, आणि परगावहून आलेला, स्वतःला 'रेब' म्हणजे गुरुजी म्हणवणारा तोद्रेस कोरी कातडी पट्टी उंचावून ओरडत होता, "डोळे फाडून बघा गं बायांनो! आहे एक तरी अक्षर?"

त्याने ती वाडग्यातल्या 'पवित्र भूमीच्या पाण्यात' बुडवली. पट्टीवर देवदूताचं नाव काळंभोर उमटलं. बाया रडायलाच लागल्या.

"रोग कातडीवर उतरला! आता गळ्यात बांधा. पण डॉक्टरची सुई टोचून घेतलीत, तर देवदूत पळालाच म्हणून समजा."

गेत्सल मागे उभा होता. चाळीस वर्षं त्याने तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, पोथ्या लिहिल्या होत्या. तो काळा रंग त्याने बघताच ओळखला. तो पुढे सरकलाही. पण पट्टी घेणाऱ्या हातांत त्याच्या विधवा सुनेचे, पेशाचे हात होते. चारचौघांत तिला कशाला हिणवायचं? शनिवारचा शब्बाथ सरल्यावर सांगू, असं म्हणून तो मागे सरला.

शब्बाथच्या सकाळी पेशाच्या सहा वर्षांच्या लेकीचा, मिर्लचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"पेशा, डॉक्टरला बोलावतो."

"नाही मामंजी! तुम्हाला देवदूत घालवायचाय का?"

गेत्सल गावच्या धर्मगुरूकडे, रब्बी आन्शेलकडे धावला. म्हाताऱ्या रब्बीने प्रार्थना अर्धी टाकली आणि शब्बाथला गाडी निषिद्ध असूनही डॉक्टरला आणायला स्वतःच घोडा जुंपला. लोक हादरले.

"रब्बी, आज गाडी?"

"जीव वाचवायला शब्बाथ मोडा, हे तोराच शिकवते, गाढवांनो! बाजूला व्हा!"

डॉक्टर आला, पण उशीर झाला होता. पेशाने पोरीला घट्ट धरलेलं. डॉक्टरने तिचे हात सोडवले, तेव्हा मिर्ल थंड पडली होती. गळ्यात पट्टी तशीच.

रविवारी तिला पुरून गेत्सल तडक अंगणात आला. तोद्रेस सांगत होता, "आईची श्रद्धा तोकडी पडली, मी काय करणार?"

गेत्सलने शेजारच्या दुकानातून कडक चहाचा पेला आणला आणि वाडग्यात ओतला. पाणी शाईसारखं काळं झालं.

"घ्या," तो म्हणाला, "चहाच्याही अंगात देवदूत आला! अरे, हे हिराकसाचं पाणी आहे. पट्टीवर मायफळाच्या पाण्याने लिहून वाळवायचं, म्हणजे दिसत नाही. हिराकस लागला की काळं होतं. चहातही मायफळासारखाच तुरटपणा असतो. मी माझी शाई याच दोन जिनसांची करतो!"

तोद्रेस मागच्या दाराकडे निघाला. बायांनी त्याची दाढी धरली. रब्बीने त्याला सोडवून पोलिसाच्या हवाली केलं, आणि उरलेली चार आजारी पोरं त्याच गाडीतून डॉक्टरकडे नेली. तीन वाचली.

पेशा कोपऱ्यात उभी होती. "मामंजी, तुम्ही पाहिलंत तेव्हाच ओळखलं होतंत?"

गेत्सल खाली बघत म्हणाला, "हो."

ती पुढे आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकली.

गेत्सलने तोंड पुसलं नाही. तो गर्दीकडे वळला. "बरोबर केलं तिने. त्या चोराने सुनेला फसवलं आणि माझ्या भिडेने नातीला मारलं. देवाने अक्कल दिलीय ती वापरा. आणि लबाडी कळली, की त्याच क्षणी ओरडा. घरचं माणूस दुखावलं तरी ओरडा."