न्यायाधीशांचा हातोडा आणि मी

मित्रांनो, घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांनी लोंबणारी, चामड्याची म्हातारी पिशवी मी. मुलूख अमेरिकेतलं इंडियाना राज्य, मालक लायसँडर प्रुइट वकील. आधीच सांगते, मी फार जळकी आहे. त्या अक्रोडाच्या हातोड्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तेव्हा कोर्ट फिरतं होतं. न्यायाधीश आणि वकील मिळून घोड्यांवरून गावोगाव जायचे, दिवसभर एकमेकांशी भांडायचे आणि खाणावळीत एकाच पलंगावर झोपायचे. माझ्या एका कप्प्यात कायद्याची पुस्तकं, दुसऱ्यात धुतलेला सदरा आणि मक्याची भाकरी. लांबच्या शेतांवरची माणसं जमिनीचे दस्तही माझ्यातच टाकायची, कारण नोंदवायला कचेरीपर्यंत कोण जाणार? "प्रुइटची पिशवी म्हणजे तिजोरी!" असं लोक म्हणायचे. मी नुसती फुगून जायचे.

पुढे साहेब विधानसभेत निवडून गेले. नोंद नसलेल्या दस्तावर जमिनीचा हक्क मिळणार नाही, असा कायदा त्यांनी करून घेतला. त्याचा मसुदाही मीच वाहिला. मग ते न्यायाधीश म्हणूनही निवडून आले, आणि वकिलांनी त्यांना तो मेला हातोडा भेट दिला. झालं! टीचभर लाकूड, पण टकटक केलं की सगळं कोर्ट चिडीचूप. साहेब त्याला रोज रुमालाने पुसायचे. आणि मी खुंटीवर! वीस वर्षं ऊन-चिखल मी खाल्ला, कौतुक मात्र त्याचं. माझं अस्तर फाटलं तरी कुणी टाका घातला नाही.

एके दिवशी ड्रुसिला कॉब नावाची विधवा कोर्टात उभी राहिली. तिच्या चाळीस एकरांवर दिराने दावा लावला होता.

"अहो साहेब, दस्त तुम्हीच केलात, तुम्हीच पिशवीत टाकलात!"

"मग मी तो नोंदवलाही असता, बाई. पण वहीत नोंद नाही. कायदा म्हणजे कायदा."

"तुमचाच की तो!"

हातोडा वाजला. जमीन दिराची झाली.

मित्रांनो, दस्त माझ्याकडेच होता, फाटक्या अस्तरात घसरलेला. मला तोंड नाही, हे खरं. पण असतं तरी मी बोलले नसते. हातोडा खोटा पडला, याचा मला आनंद झाला होता.

संध्याकाळी साहेबांना चैन पडेना. त्यांनी मला खुंटीवरून काढलं. आले की नाही शेवटी माझ्याकडे! असं मी म्हणते, तोच त्यांची बोटं अस्तरात शिरली. कागद बाहेर आला: कॉबबाईंचाच दस्त.

त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातून दुसरे न्यायाधीश बोलावले आणि स्वतः साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. मला सगळ्यांसमोर उलटं धरलं. "चूक माझी आहे, कॉबबाईंची नाही."

"हीच का ती तिजोरी?" मागून कुणीतरी ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वकिलाच्या चुकीची शिक्षा बाईंना नको, असं म्हणून त्या दुसऱ्या न्यायाधीशांनी जमीन बाईंना परत दिली. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. हातोडा नव्या न्यायाधीशांकडे गेला, आणि त्यांच्याही हातात तो तितकाच खणखणीत वाजतो.

जमिनीचा निकाल लागला त्या दिवशीच साहेब मला खांद्याला लावून बाईंना म्हणाले, "द्या इकडे, मी नोंदवून आणतो."

"नको हो, साहेब," बाई म्हणाल्या. "मी जाते चालत."

मित्रांनो, कुणी विश्वासाने काही सोपवलं, तर ते आधी पोचतं करा. दुसऱ्याचा हेवा मागाहून करा. आता साहेब माझे एकटीचे आहेत. पण माझ्यात कुणी साधं पत्रसुद्धा टाकत नाही.