थांबायच्या जागेचं नाव

"कमीत कमी ओळींत लिहा. यंत्राला पाल्हाळ कळत नाही. जिथे थांबायचं त्या जागेला एक नाव द्या, नाव तुमच्या मनाचं. आणि हो, शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही."

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत अनुपमाबाई बसल्या होत्या, आणि सरांचं हे शनिवारचं बोलणं त्यांच्या कानातून जाता जात नव्हतं. शेवटचं वाक्य तर खास.

सर मुंबईचे. तिथे म्हणे एका मोठ्या खोलीएवढं गणित करणारं यंत्र आलं होतं. त्याला समजेल अशा भाषेत हुकूम कसे लिहायचे, हे बारा गणितशिक्षकांना शिकवायला ते श्रावणात तीन आठवडे अमरावतीला आले होते. यंत्र काही कोणी पाहिलं नव्हतं, सगळं कागदावरच. बारांतल्या दोघांना मुंबईला नेऊन त्यांचे हुकूम खऱ्या यंत्रावर चालवून पाहायचे होते. कागद तपासून सर ती दोन नावं आज संध्याकाळच्या टपालाने पाठवणार होते.

प्रश्न साधाच होता. इतकी माणसं पंगतीत बसवायची, तर किती तऱ्हांनी? उत्तमराव मास्तरांनी सतरा ओळी लिहिल्या. अनुपमाबाईंनी चार. सात जणांचं उत्तर हवंय? मग सहा जणांचं काय ते आधी विचार, आणि त्याला सातानं गुण. सहांचं ठाऊक नाही? मग पाचांचं विचार. प्रश्न स्वतःलाच विचारत विचारत खाली उतरायचा. एकावर आला की थांबायचं, तिथे काही विचारायचं उरत नाही. त्या थांबायच्या जागेला त्यांनी नाव दिलं: एल, ए, बी, एच. लाभ.

आज सकाळी सरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत चारच ओळी. दोन्हींत लाभ.

दुसरा कागद धर्मपालचा होता, धामणगावच्या शाळेतल्या तरण्या मास्तरचा. दहा वर्षांमागे नागपूरला दीक्षा घेतलेल्या घरातला मुलगा, वर्गात फारसं न बोलणारा. तो बाईंच्या मागच्या बाकावर बसे.

"चार ओळी दोघांना सुचू शकतात," सर म्हणाले. "पण हा शब्द? मी उभ्या जन्मात असं नाव पाहिलं नाही. कोणी कोणाचं पाहिलं?"

"म्या नाही पाह्यलं, सर," धर्मपाल उभा राहिला.

"चोर कदी म्हंते का, मी चोर हाय म्हणून?" उत्तमराव हलकेच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हलके.

सरांनी अनुपमाबाईंकडे पाहिलं. श्रावणी सोमवार, बाईंचं दुपारपर्यंत मौन. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. याने तुमचं पाहिलं का?"

बाईंनी लिहिलं, 'मला माहीत नाही.'

लिहिताना खरंच वाटलं होतं की माहीत नाही. पण संशय कसा, एकदा आत शिरला की स्वतःच पुरावे गोळा करतो. शनिवारी मागून सावली पडली होती का? पडली होती. तो शाई मागायला वाकला होता ना? वाकला होता. चार ओळी झाल्यावर आपण कागद उलटा ठेवला नव्हता. नव्हताच ठेवला. सरांनी धर्मपालचं नाव खोडलं आणि त्या जागी उत्तमरावांचं लिहिलं. बारा वाजले, मौन सुटलं. तरी बाई काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलून स्टेशनावर आल्या.

"बाई."

धर्मपाल समोर उभा होता. त्याची धामणगावची गाडी पलीकडून सुटायची होती.

"एक इचारू? रागावसान नाही ना?"

"विचारा."

"तुमी माह्या कागदात पाह्यलं असन, तर मले सांगा. मी कोनाले सांगनार नाही. मले फक्त समजलं पायजे."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग कानशिलं तापली. "मी? मी तुमचं पाहिलं?"

"मंग कावून लिहलं तुमी लाभ? तो माह्या बापाचा शब्द हाय. डोमाजी मापारी, धामणगावच्या बाजारात धान्य मोजते, कोनालेबी इचारा. पह्यली पायली भरली का बाबा एक नाही म्हनत. लाभ म्हन्ते, मंग दोन, तीन. मी मोजनं तिथंच शिकलो. तुमी तं शिकल्या घरच्या. तुमच्या घरात हा शब्द कुठून येईन?"

म्हणजे सकाळपासून हाही आपल्यावर संशय घेत बसला होता. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. आणि मग त्यांना अकोल्याच्या जुन्या शहरातली माहेरची ओसरी दिसली. वर्षाची ज्वारी यायची. मापारी पुंजाजी गोणी सोडून उकिडवा बसायचा, पायली भरायचा, हाताने सपाट करायचा. आई दारात उभी, आणि सहा वर्षांची अनु त्याच्यामागोमाग मोठ्याने ओरडायची, "लाभ! दोन! तीन!" एकदा तिने 'एक' म्हटलं, तर पुंजाजीने भरलेली पायली परत ओतून नव्याने मोजायला घेतलं होतं.

"आमच्याकडे पुंजाजी यायचा," त्या म्हणाल्या. "तोही लाभच म्हणायचा."

धर्मपाल हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"सराच्या घरी वाण्याची पुडी येत असन, मापारी नाही. त्याईले काय ठाव! पन बाई, तुमाले तं ठाव होतं."

"हो."

"तरी लिहलं, माहीत नाही."

बाईंनी मान खाली घातली. तेवढ्या एका ओळीत त्याचं मुंबईला जाणं बुडालं होतं. खोटं म्हणून त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तेच अधिक लाजिरवाणं होतं.

"मी सरांना सांगते. हा शब्द दोघांना आपापल्या घरून मिळाला, हे मी सांगते."

"कदी? यादी पाच वाजता टपालात पडते. उद्या सांगून काय फायदा? अन् उद्याबी मौन असलं तं?"

"आजच सांगते."

"पाहू," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा असं बाईंनी केलं तरी काय होतं? पलीकडे त्याची गाडी लागली. मागे न पाहता तो चढला.

पाठोपाठ अकोल्याची गाडी आली. घरी संध्याकाळी महादेवाची पूजा करूनच बाई सोमवार सोडत. लग्नानंतरच्या तेरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. ओळखीच्या गोदाबाईंनी डब्यातून हात केला, "या ना हो, जागा आहे!"

"तुम्ही व्हा पुढे. मला अमरावतीला परत जायचंय."

"आत्ता? काही राहिलं का तिकडे?"

"हो," बाई म्हणाल्या, पदर सावरला आणि अमरावतीच्या गाडीसाठी पुलाच्या पायऱ्या चढू लागल्या.