तिसरं कडवं
सीडर ब्रेक बँडचं घोडं कित्येक वर्षं एकाच जागी अडलं होतं. टेक्ससची कंट्री रेडिओ स्टेशनं म्हणायची, तुमच्या गिटारी फार किंचाळतात. शहरातले रॉकवाले म्हणायचे, आधी डोक्यावरच्या त्या काउबॉय टोप्या उतरवा, मग बोलू. दोघांनाही आपापलं डबकं प्यारं होतं. मधल्या मध्ये पाच माणसांची उमेद एका व्हॅनमध्ये उन्हाने करपत होती.

आल्विन क्रेनेक बँडचा म्होरक्या. गाणी मात्र रॉइस टालमनची. दोघं शाळेपासूनचे दोस्त. त्या शनिवारी संध्याकाळी ह्रुस्काबाईंच्या नाचघरात त्यांना ऐकायला लॉस एंजेलिसहून प्रेस्कॉट नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता. रॉइसची बायको गरोदर होती. समुद्रातल्या तेलविहिरीवर त्याला नोकरी लागली होती आणि ती त्याने सोमवारपर्यंत कशीबशी थोपवून धरली होती. आज जमलं तर जमलं, नाहीतर मी चाललो, असं त्याने वाटेत व्हॅनमध्ये कोलाचे नावाचे गोड पाव खाता खाता सांगून टाकलं. नव्या गाण्याचं तिसरं कडवं त्याला त्याच दुपारी सुचलं होतं. आल्विनने म्हणून दाखव म्हटलं, तर तो हसला. स्टेजवरच ऐक, म्हणाला.

आल्विन नाचघरातच वाढलेला. बाप फिडल वाजवायचा, आणि पोर भिंतीकडच्या बाकाखाली गोधडीवर झोपायचं. लाकडी फळ्यांवर बुटांचा ताल ऐकत त्याला झोप लागे. त्या मुलखात टाळ्यांना कोणी विचारत नाही. जोडपी एकाच दिशेने गोल फिरत राहिली, की बँड चांगला. एका शनिवारी बापाच्या एका नव्या चालीवर सगळी जोडपी थबकली आणि टकमक बघत राहिली. पुढच्या शनिवारी दारावरच्या पाटीवर दुसऱ्या बँडचं नाव होतं. बापाने फिडल गोठ्यातल्या खिळ्याला टांगली, ती कायमची. पाय थांबले की आपण मेलो, हे आल्विनच्या हाडात तेव्हापासून मुरलेलं.

प्रेस्कॉट बिअरच्या काउंटरपाशी बसला होता. बँडने एकामागून एक नाचाची गाणी वाजवली आणि गडी चक्क जांभया देत होता. मग रॉइसने नवं गाणं धरलं. संथ, आपल्या आईवरचं. पहिल्या कडव्यात जोडपी मंदावली. दुसऱ्यात थांबली. बायकांचे हात नवऱ्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले, आणि सगळ्यांची तोंडं स्टेजकडे वळली. फळ्यांवर एका बुटाचा आवाज नाही. आल्विनची पाचावर धारण बसली. डोळ्यांसमोर गोठ्यातला तो खिळा आला. रॉइसने तिसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात आल्विनने पाय आपटून ताल मोडला आणि सगळ्यांच्या ओळखीच्या वॉल्ट्झच्या नाचगाण्यात घुसला. इतकी वर्षं बाकीचे त्याच्याच पायाकडे बघून वाजवत आले होते, तेही मागोमाग आले. रॉइसचं तोंड उघडंच राहिलं. जोडपी पुन्हा फिरू लागली. आल्विनच्या जिवात जीव आला. मूर्खाला वाटलं, आपण बँड वाचवला.

मधल्या सुट्टीत तो घाम पुसत, हसतमुखाने प्रेस्कॉटकडे गेला.

"नाचाचा बँड छान आहे तुमचा," प्रेस्कॉट टोपी उचलत म्हणाला. "असे इथे गावोगाव आहेत. पण ते गाणं का तोडलंत?"

"लोक थांबले होते ना, साहेब."

"ऐकायला थांबले होते. तेवढ्याचसाठी मी इतक्या लांब आलो होतो."

आल्विनने हातापाया पडून त्याला थांबवलं. पुढच्या फेरीत तेच गाणं पहिल्यापासून म्हणतो, एवढी एक संधी द्या, म्हणाला. प्रेस्कॉट कुरकुरत परत बसला. आल्विन मागच्या दाराने धावत बाहेर गेला. रॉइस गिटार पेटीत ठेवून झाकण लावत होता.

"चल, लेका. त्याला तेच गाणं हवंय."

"त्याला हवंय, म्हणून तुला हवंय," रॉइस म्हणाला. "मला वाटायचं, जगात कुणाला आवडलं नाही तरी तुला ते आवडतं."

खरं म्हणजे ते गाणं आल्विनने नीट ऐकलंच नव्हतं. तो पायच ऐकत बसला होता. रॉइस रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी ट्रकमध्ये चढला. सोमवारी तो समुद्रावर होता.

प्रेस्कॉट त्या रात्री तसाच निघून गेला, तो पुन्हा आला नाही. बँड मात्र चालू राहिला, हीच त्यातली वाईट गोष्ट. माणसं बदलली, आल्विनचे केस गेले, नाचघरं नेहमी भरलेली असायची. बऱ्याच वर्षांनी पशुखाद्याच्या दुकानात त्याला रॉइस भेटला. मुलीचं लग्न झालं म्हणाला. आल्विनने चाचरत तिसऱ्या कडव्याचं विचारलं. रॉइसने खरोखर डोकं खाजवून आठवून पाहिलं. त्याच्या मनात राग उरला नव्हता, हे आल्विनला दिसलं आणि तेच सोसवेना.

"नाही रे," तो म्हणाला. "गेलं ते."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आल्विनने ह्रुस्काबाईंच्या नाचघरात ते गाणं स्वतः म्हटलं. दोनच कडवी, कारण तेवढीच होती. गाताना त्याची नजर फळ्यांवर होती. एखादं तरी जोडपं थांबेल, एवढीच त्याची आशा होती. दुसरं कडवं संपलं आणि तो गप्प उभा राहिला. मागचे नुसतं वाजवत होते, आणि लोक मजेत गोल फिरत होते.